नादुरुस्तीचा दाखला

"दाखला?" पालिकेच्या कचरा विभागाच्या खिडकीतल्या कारकुनाने टेबलफॅनकडे न बघताच विचारलं.

"कसला दाखला?" मुख्याध्यापिकाबाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण आवाज अजून शाळेतच होता.

"पंखा दुरुस्त होत नाही, असा. कचरा कमी करायचं नवं धोरण आहे. दुरुस्त होण्यासारखी वस्तू आम्ही घेत नाही."

"अहो, हा चालू केला की घरात गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं! घरच्या कचऱ्यात टाकला तर दंड, इथे आणला तर दाखला. डोक्यावर घेऊन फिरू का?"

"फिरा. पण रांगेतून बाजूला होऊन."

बाई पंखा काखोटीला मारून तरातरा चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. "एकच ओळ लिहायची. 'दुरुस्त होत नाही.' खाली सही."

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. शिवी दिली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं.

"बाई, तीस वर्षं दुकान चालवतोय. 'होत नाही' हे मी तोंडानंसुद्धा म्हटलेलं नाही, आणि तुम्ही लिहून मागताय?"

"मला दुरुस्त करायचाच नाहीये!"

पण तोवर त्याने जाळी काढलीसुद्धा होती.

दोन दिवसांनी बाई गेल्या, तर दाखला नाहीच, वर पंखा पुसून लख्ख! "चालवून दाखवतो," तो म्हणाला.

"काही दाखवू नका!" बाईंनी पंखा उचलला आणि तणतणत पुन्हा कचेरी गाठली.

तिथे उकाड्याने रांग वितळायला आली होती. फायलीने वारा घेणाऱ्या कारकुनाने लख्ख पंख्याकडे पाहिलं.

"दुरुस्त झालाय? मग हा कचराच नाही. नियमात बसत नाही."

"आणि तुमच्या डोक्यावरचा तो बंद पंखा बसतो नियमात?"

कारकून ओशाळला. "दुरुस्तीला मंजुरी नाही, आणि दाखल्याशिवाय नवा मिळत नाही. चौकातला तो माणूस लिहूनच देत नाही हो!"

"ते तुमचं तुम्ही बघा. माझा कसा किंचाळतो ते ऐका एकदा!" बाईंनी भिंतीतल्या सॉकेटमध्ये पिन खुपसली आणि बटण दाबलं.

पंखा गुपचूप फिरू लागला. कागद फडफडले. रांगेतल्या लोकांनी डोळे मिटून माना वर केल्या. कुणीतरी "आहाहा" म्हणालं.

"बाई," कारकुनाचा आवाज लोण्यासारखा झाला, "ठेवून जा. दाखल्याचं मी बघतो."

बाईंनी पिन उपटली.

"लाज नाही वाटत?" त्या कडाडल्या. "इतका चांगला चालणारा पंखा कचऱ्यात घेता?"