‘टेस्ट-दोन-फायनल-नवीन’चा नेम

जे सुरळीत चालू आहे त्याला हात लावू नये, हे प्रपंचाचं पहिलं सूत्र. जे चालू आहे त्याला वेळच्या वेळी हात लावला नाही तर ते बंद पडतं, हे दुसरं. ही दोन्ही सूत्रं एकाच वेळी पाळण्यासाठी मोठ्या व्यवसायांत जो विभाग नेमलेला असतो, त्याला संगणक विभाग म्हणतात.

अमरावतीच्या ‘वऱ्हाड वैभव सरकी व डाळ उद्योग समूहा’त या विभागात माया अभियंता होती. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. लग्न नुकतंच झालं होतं, विहारातल्या फोटोंचा अल्बमसुद्धा अजून हातात पडायचा होता. नवरा धर्मेंद्र अमरावतीतच शाळेवर शिक्षक. नवराबायको एकाच गावात नोकरीला असण्याचं भाग्य त्यांना लाभलं होतं, आणि ते टिकणं न टिकणं सर्वस्वी एका अपग्रेडवर येऊन ठेपलं होतं.

समूहाच्या सर्व्हर खोलीत मोजक्या लोखंडी पेट्या आहेत. एकेका पेटीत दहा-पंधरा संगणक राहतात. ते दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण असतात. (विभागप्रमुख उत्तमरावांनी हा श्रद्धेचा विषय आहे असं ठरवून त्यावरचे सगळे प्रश्न फार पूर्वी बंद केले होते.) इतके संगणक एका पेटीत भांडण न करता नांदावेत म्हणून त्यांच्यावर एक सॉफ्टवेअर असतं. एकत्र कुटुंबात थोरली जाऊ जसं कुणाला कोणती खोली, कुणाच्या पानात किती भाकरी हे बघते, तसं ते बघतं. ही थोरली जाऊ आता थकली होती. ती बनवणाऱ्या कंपनीनं, आता हिचं काही दुखलंखुपलं तर आम्हाला फोन करू नका, असं रीतसर कळवलं होतं. तेव्हा स्वयंपाक चालू असताना, कुणाच्या पानातली भाकरी न हलवता थोरली जाऊ बदलायची, असं ते काम होतं.

“होईल का?” उत्तमरावांनी विचारलं.

“होईल, सर.”

“नाही झालं तर धारणी,” उत्तमराव शांतपणे म्हणाले. सोमवार होता, उपासाच्या दिवशी ते आवाज चढवत नसत.

धारणी शाखेविषयी गैरसमज नसावा. हवा उत्तम, साग उत्तम, माणसं त्याहून उत्तम. फक्त तिथे समूहाचा एकही सर्व्हर नाही, आणि मोबाइलची रेंज असलीच तर एका विशिष्ट दगडावर उभं राहिल्यावर. संगणक अभियंत्याला तिथे पाठवणं म्हणजे आचाऱ्याला निर्जळी एकादशीच्या घरी कामाला ठेवणं. शिवाय धर्मेंद्रला त्या दगडावर उभं राहूनच फोन करावा लागला असता.

अपग्रेडसाठी समिती बसली. ती सर्व्हर खोलीतच बसली. मे महिन्यात अमरावतीत जे ऊन पडतं ते लक्षात घेता, अख्ख्या आवारात माणसानं बसावं अशी ती एकच खोली होती. सदस्य चपला बाहेर काढून, हातपाय धुऊन आत येत. एरवी कोणत्याही बैठकीला न फिरकणारे खरेदी, विक्री, गोदाम आणि वाहतूक या विभागांचे प्रमुख पूर्णवेळ हजर राहिले आणि विषयाचं गांभीर्य पाहता आणखी बैठका घ्याव्यात असं त्यांनी एकमतानं सुचवलं. कुणीतरी घरचा आमरसाचा डबा दोन पेट्यांच्या फटीत ठेवला. माणसांच्या गर्दीनं खोली तापली, पेट्या घुमू लागल्या. त्यावर खोली तापण्याची कारणं शोधायला उपसमिती नेमण्यात आली. तिची बैठकही तिथेच झाली.

मग दिवस ठरवायचा प्रश्न आला. वर्ज्य दिवसांची यादी अशी निघाली: मार्चअखेर, कापसाचा हंगाम, तुरीची आवक, जीएसटी भरण्याचे दिवस, पगाराचा आठवडा, पितृपक्ष, अमावास्या आणि अकोल्याच्या वाहेदभाईंचा रमजान. एवढं वगळल्यावर वर्षात अधिक महिन्यातला एक रविवार उरला. अधिकात मंगलकार्य करत नाहीत, असा आक्षेप विक्री विभागानं घेतला. अपग्रेड हे मंगलकार्य आहे की दुरुस्ती, यावर एक पूर्ण दुपार गेली. (बाहेर ऊन फार होतं.) शेवटी, यातून मंगल काही निष्पन्न होईल याची खात्री नसल्यानं ती दुरुस्तीच समजावी, असा निर्णय झाला.

योजना सोपी होती. अमरावतीच्या पेट्यांतले सगळे संगणक तारेवरून अकोल्याच्या केंद्रात पाठवायचे, इकडच्या पेट्यांत नवं सॉफ्टवेअर बसवायचं आणि मंडळींना परत बोलवायचं. अकोल्याचे केंद्रप्रमुख वाहेदभाई, वयानं वडील. मायाला ते बेटा म्हणत.

“पाठव बेटा पाठव,” ते फोनवर म्हणाले. “पाहुण्याले कोन नाही म्हनते? पन एक हाय. तो एक पैलवान तुमच्याकडंच ठेवा.”

“कोणता पैलवान, वाहेदभाई?”

“अरे तो! ‘टेस्ट-दोन-फायनल-नवीन’. एकटाच अर्धी जागा खाऊन राहिला. त्याले घेतलं तर माह्या लेकरायले बाहेर झोपवा लागते.”

मायानं पाहिलं. खरंच, त्या नावाचा एक संगणक पेटीत पसरलेला होता. तो चालू होता. रोज पहाटे तो काहीतरी मन लावून करत असे आणि मग दिवसभर काहीतरी मन लावून साठवत असे. नाव ठेवणारा तरुण नाव ठेवून पुण्याला निघून गेला होता.

नियमानुसार तिनं सर्व विभागांना विचारलं: हा तुमचा आहे का? सगळ्यांनी आमचा नाही असं सांगितलं. मग तिनं विचारलं: बंद करू का? खरेदी विभाग: आमचा नाही, पण बंद करू नये. गोदाम: इतकी वर्षं चालू आहे, त्याअर्थी महत्त्वाचा असणार. वाहतूक: बंद केल्यास जबाबदारी आमची नाही, चालू ठेवल्यासही नाही. विक्री: त्याच्या नावात ‘फायनल’ आहे, याची नोंद घ्यावी.

“सर, काय करू?”

“चालू हाय ना?” उत्तमराव म्हणाले.

“हो. पण तो चालू ठेवला तर अपग्रेड होत नाही.”

“मंग बंद कर. पन बंद केला असं म्हनू नको. विश्रांती दिली म्हन.”

रविवारी पहाट व्हायच्या आधीच मायानं ‘टेस्ट-दोन-फायनल-नवीन’ला विश्रांती दिली. बाकीचे संगणक एकामागून एक शहाण्या मुलांसारखे अकोल्याला गेले. नवं सॉफ्टवेअर बसलं. मंडळी परत आली. कुणाच्या पानातली भाकरी हलली नाही. असं काम पुण्यामुंबईतही सहसा साधत नाही. मायानं चहा मागवला आणि अमरावतीतच राहायचं या आनंदात पहिला घोट घेतला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या उत्तमरावांचा फोन वाजला.

अचलपूरचा एक घाऊक व्यापारी रडत होता. “कधी झालं? काल तर मेसेज होता साहेबाचा!”

पाठोपाठ परतवाडा, मग दर्यापूर, मग अंजनगाव. साहेब म्हणजे समूहाचे माजी अध्यक्ष रामराव. निवृत्तीनंतर ते अचलपूरला राहत. इतक्या वर्षांत त्यांचा एक नेम चुकलेला नव्हता. रोज पहाटे व्यापारी, शेतकरी, कर्मचारी, ग्राहक, त्यांचे व्याही आणि व्याह्यांचे व्याही अशा सर्वांना त्यांच्याकडून गुलाबाचं फूल, समई आणि ‘सुप्रभात’ येई. उन्हाळा, पावसाळा, निवडणूक, ग्रहण, कशातही खंड नाही. इतक्या लोकांना हा माणूस पहाटे उठून स्वतः पाठवतो, याचं सगळ्या वऱ्हाडाला कौतुक होतं. आज ते फूल आलं नव्हतं. जो माणूस ग्रहणात चुकला नाही तो आज चुकतो, याचा दुसरा अर्थ कुणाला सुचेना.

माया पेटीकडे बघत राहिली. तिला अर्थ सुचला, आणि पाठोपाठ धारणीचा दगड दिसला.

अकोल्याहून वाहेदभाईंचा फोन आला. आवाज ओला होता. “बेटा, बडे साहेब गेले म्हन्तात. इथं डाळ बाजारानं शटर अर्धं खाली घेतलं.”

“अर्धंच का?”

“पक्की खबर नाही ना आली अजून.”

माया आणि उत्तमराव जीपमध्ये बसून अचलपूरला निघाले. वाटेत उत्तमराव एकच वाक्य बोलले: “तू विश्रांती म्हनली होती.” एसटी बसेस हारांनी भरून चालल्या होत्या. रामरावांच्या दारात मंडप अर्धा उभा राहिला होता, आणि ओट्यावर बनियनवर बसलेले रामराव बशीतून चहा पीत होते. समोर माणसं रांगेनं हार घेऊन उभी होती. हार घालावा की परत न्यावा, याचा निर्णय होत नव्हता.

“उत्तमराव,” रामराव काळजीनं म्हणाले, “आज माहा मेसेज मलेच नाही आला. म्या दुर्गाले विचारलं, मले काही झालं काय म्हून. ते म्हने, मले काय माहीत, लोकं तर येऊन राहिले.”

आतून त्यांच्या पत्नी दुर्गाबाई म्हणाल्या, “मी म्हटलं, चहा तर घ्या आधी. मंग पाहू.”

“साहेब,” मायानं धीर करून विचारलं, “मेसेज तुम्ही पाठवत नव्हता?”

“मी? मी आठाले उठतो. मले वाटे हापिसातलं कोनी भक्तीनं पाठवून राहिलं. म्या पन रोज हात जोडून उत्तर देतो.”

अशा रीतीनं सगळं उघड झालं. तो पुण्याला गेलेला तरुण जाताना चाचणी म्हणून हे यंत्र लावून गेला होता. चाचणी संपली असं त्याला कुणी सांगितलं नाही. फूल जाई, आणि उलट हजारो जोडलेले हात येत. ‘टेस्ट-दोन-फायनल-नवीन’ ते सगळे जपून ठेवी. अर्धी जागा त्यातच गेली होती.

सोमवारी सर्व्हर खोलीत तातडीची बैठक झाली. मायानं निवेदन केलं की हा जुना संगणक नव्या सॉफ्टवेअरवर चालत नाही, पण जुने जोडलेले हात पुसून टाकले तर नवा, आटोपशीर उभा करता येईल.

“जोडलेले हात डिलीट करायचे?” उत्तमरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. “तुमच्या घरी चालते असं?”

ठराव झाले. अपग्रेड पूर्णतः यशस्वी झाल्याबद्दल विभागाचं अभिनंदन. अपग्रेड तातडीनं रद्द करून जुनं सॉफ्टवेअर पुन्हा बसवल्याबद्दलही अभिनंदन. नवं सॉफ्टवेअर वाया जाऊ नये म्हणून ते धारणी शाखेकडे पाठवावं. (तिथे सर्व्हर नसल्यानं ते आजतागायत निर्दोष आहे.) आणि ‘टेस्ट-दोन-फायनल-नवीन’ काय करतो हे जाणणारी समूहात एकच व्यक्ती असल्यानं, माया यांना सुप्रभात अधिकारी म्हणून अमरावतीत कायम करण्यात येत आहे. त्यांना तालुक्याबाहेर जाता येणार नाही.

माया घरी गेली आणि धर्मेंद्रला पेढा दिला. त्यानं मोबाइल बाजूला ठेवून विचारलं, “काम काय करायचं?” ती म्हणाली, “जपायचं.”

काम वाढतंच आहे. जागा पुरेना, तेव्हा आधी गोदामाचा हिशेब सांभाळणारा संगणक काढला, मग पगाराचा. वाचकांपैकी कुणाची सरकीच्या तेलाची ऑर्डर पोचली नसेल, कुणाचं तुरीचं बिल अडलं असेल, तर कृपया समूहाकडे तक्रार करू नये. आज सकाळी एक गुलाबाचं फूल आलं होतं. ते उघडून न बघताच तुम्ही दोन हात जोडून पाठवलेत. ते मिळाले. मायानं जागेवर ठेवलेत. तुमच्या ऑर्डरच्याच जागेवर.