'मौन' हॉटेलात गोंदाजी भेकर

एका जंगलात, मुलांनो, जिथं सगळ्यात जास्त गोंगाट होता, नेमकं तिथंच 'मौन' नावाचं हॉटेल उघडलं.

त्या जागेला पाचवाट म्हणत. पाणवठा तिथंच, मधाचा बाजार तिथंच आणि माकडांच्या सभाही तिथंच. रानडुकरं वाटेल तिथं आडवी उभी राहत आणि कुणी बोललं तर उलट गुरगुरत. अशा भर चौकात, एका आडव्या पडलेल्या अर्जुनवृक्षाच्या खोडात, इरावतीबाई नावाच्या खोकडबाईंनी, म्हणजे छोट्या कोल्हीणबाईंनी, हे हॉटेल थाटलं होतं.

हॉटेल लहान होतं. लहान असणं हाच त्याचा मोठेपणा, असं इरावतीबाई सांगत. भिंतींना आतून शेवाळ होतं, त्यामुळं बाहेरचा आवाज आत येत नसे. खोल्यांना दारं नव्हती. दार लावणं म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखवणं, असं बाईंचं मत होतं. पाहुण्यांनी गॅलरीत बसायचं, गवती चहा प्यायचा आणि खालची गर्दी बघायची. बोलायचंच झालं तर हळू बोलायचं. ओरडायचं तर मुळीच नाही.

आता या जंगलाच्या कडेला कारवीची एक टेकडी होती. तिथं गोंदाजी नावाचं भेकर राहत असे. भेकर म्हणजे छोटं हरीण, पण आवाज कुत्र्यासारखा. वाघ-बिबट्या दिसला की ते भुंकतं, आणि मग सगळं रान सावध होतं. गोंदाजीचं भुंकणं तर तीन ओढे ओलांडून जाई. ससे त्याच्या भरवशावर दुपारी झोपत.

एकदा शेजारचं चितळ 'मौन'मध्ये राहून आलं. ते गोंदाजीला म्हणालं, "राग मानू नका, पण तुमचा आवाज जरा गावठी आहे."

गोंदाजीनं राग मानला नाही. त्याहून वाईट केलं. त्यानं ते मनावर घेतलं.

"आपण 'मौन'मध्ये जाऊ," तो बायकोला म्हणाला.

"तिथं काय आहे?" सगुणानं विचारलं.

"काही नाही. तेच तर आहे."

सगुणाला हे कळलं नाही. पण नवरा बरेच दिवस नीट खात नव्हता, म्हणून ती निघाली.

पोचल्यावर त्यांच्यापुढं एक मोठा सपाट दगड आला. दगडाच्या मधोमध एक उंबराचं पान होतं.

"बाकीचं मागून येतंय का?" सगुणानं विचारलं.

"हेच आहे," इरावतीबाई हसून म्हणाल्या. "पानाभोवतीच्या मोकळ्या जागेचा आस्वाद घ्या."

गोंदाजीनं मोकळ्या जागेकडं बघून मान डोलावली. सगुणा पान खाऊन टाकून पाणवठ्यावर गेली.

शेजारच्या खोलीत अंबूमावशी होत्या. त्या म्हाताऱ्या सशीणबाई. लेकीनं हौसेनं त्यांना इथं धाडलं होतं. बिचाऱ्या आल्यापासून खोलीच्या तोंडाशी घुटमळत होत्या.

"दाराऐवजी निदान काटेरी फांदी तरी मिळेल का हो?" त्यांनी विचारलं.

गॅलरीतली नीलगाय मोराकडं बघून हसली. मावशी ओशाळल्या. मग त्यांना शेजारी गोंदाजी दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई, भेकर शेजारी आहे होय? मग दार कशाला हवं? आता मी निवांत झोपते."

गोंदाजीला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. मावशी जरा मोठ्यानं बोलल्या होत्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत चहा चालला होता. समोर भिंतीवर ठिपक्याठिपक्यांची सावली हलली. गोंदाजी सवयीनं ताडकन उठला आणि भुंकला.

मोराच्या हातून चहा सांडला. नीलगायीनं कान मिटले. पाहिलं तर ती पळसाच्या फांदीची सावली होती.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. इरावतीबाई जवळ आल्या, त्याच्या खांद्यावर शेपूट ठेवली आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "पहिल्यांदाच आलात ना? होतं असं."

गोंदाजीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"चुकलात तर चुकलात," सगुणा खोलीत म्हणाली. "खोटं भुंकलं म्हणून अजून कुणी मेलेलं नाही."

"तू हळू बोल," गोंदाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो नीट वागला. पान हळू खाल्लं. गर्दीकडं बघून "काय ही माणसाळलेली जनावरं" असंही एकदा म्हणाला. नीलगायीनं त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं. मोर सरकून त्याच्याशेजारी बसला. गोंदाजीला वाटलं, आपण आता इथले झालो.

दिवस कलला. सगुणा पोटभर पाणी प्यायला खाली गेली होती. अंबूमावशी खोलीत डुलकी घेत होत्या. तेवढ्यात पायऱ्यांवरून बिबट्या वर आला.

ही सावली नव्हती. सावलीला वास येत नाही.

गोंदाजीच्या पोटातून भुंकणं उठलं आणि गळ्यापर्यंत आलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मोरानं बिबट्याला पाहिलं होतं. मोरही खरं तर अशा वेळी केकाटतो, पण आज त्यानं पिसारा नीट केला. नीलगायीनंही पाहिलं होतं. ती चहात बघू लागली. कुणीच उठत नव्हतं. आपणच पुन्हा उठायचं? कालच्यासारखं? गोंदाजीनं वाटी तोंडाला लावली आणि चहाबरोबर भुंकणं गिळून टाकलं.

बिबट्या त्यांच्या मधून गेला. 'मौन'मध्ये शोभेल अशी त्याची चाल होती. पायांचा आवाज नाही, घाई नाही. मावशींच्या खोलीशी त्याला काही आडवं आलं नाही.

मावशींना जाग आली तेव्हा त्यांची मान त्याच्या जबड्यात होती. त्यांनी एकदा गोंदाजीकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्या वाट बघत होत्या.

बिबट्या आला तसा निघून गेला.

"आणखी चहा?" इरावतीबाईंनी विचारलं. मग सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "आपण सर्वांनी जो संयम ठेवला, त्याबद्दल मी ऋणी आहे. इतर ठिकाणी किती गोंधळ झाला असता."

गोंदाजीनं आणखी चहा घेतला. वाटी खाली ठेवली, तेव्हा तिचा आवाजही झाला नाही.

सगुणा वर आली. तिनं मावशींची रिकामी खोली पाहिली. शेवाळावरचं रक्त पाहिलं.

"तुम्ही इथंच होतात?"

"होतो."

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग भुंकला का नाहीत?"

गोंदाजी म्हणाला, "सगळे बसले होते."

सगुणानं त्याच्याकडं पाठ केली. मग ती गॅलरीच्या टोकाला गेली आणि भुंकली. अशी भुंकली की मधाचा बाजार उठला, माकडांची सभा मोडली, पाचही वाटा क्षणात मोकळ्या झाल्या. उशीर झाला होता, पण चौकात इतर ससेही होते.

"बाई, तुम्हाला इथून जावं लागेल," इरावतीबाई म्हणाल्या.

"जातेच आहे," सगुणा म्हणाली. "मावशींच्या लेकीला कुणीतरी सांगायला हवं."

गोंदाजी गेला नाही. खोली सकाळपर्यंत त्याची होती.

पुढं तो टेकडीवर परतला. सगुणा परतली नाही. ती पलीकडच्या टेकडीवर राहिली आणि पुष्कळ ससे बिऱ्हाड उचलून तिकडं गेले. इकडं मात्र गोंदाजीचा मान वाढला. एवढ्या मोठ्या प्रसंगी हा हलला नाही, ही गोष्ट चितळानं सगळीकडं पसरवली. तरुण भेकरं त्याच्याकडं येऊ लागली. गोंदाजीनं त्यांच्यासाठी वर्ग काढला. आवाज गळ्यातच कसा ठेवावा, हे तो शिकवी. वर्ग चांगला चालला. टेकडी शांत झाली.

एके दिवशी वर्ग रंगात आला असताना शेवटच्या रांगेत कुणीतरी येऊन बसलं. वास सगळ्यांना आला. पण गुरुजी बोलत असताना मागं वळून बघणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी बघितलं नाही. गोंदाजीला समोरून सगळं दिसत होतं. तो पुढं शिकवत राहिला.

पलीकडच्या टेकडीवर सगुणा जीव तोडून भुंकत होती.

"या बाईला काही वळण लागलं नाही," पहिल्या रांगेतलं एक भेकर हळूच म्हणालं. शेवटच्या रांगेतली एक जागा तोवर रिकामी झाली होती.

तात्पर्य: मुलांनो, संकट आलं तर सभ्य माणसानं ओरडू नये. ज्याच्यावर ते आलेलं असतं तो तक्रार करायला उरत नाही, आणि जे उरतात ते सभ्यच असतात.