बैठकीतला डबा

फारूख शेठनी रविवारच्या दावतीआधी जी अट घातली, ती ऐकून महेजबीनला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. जेवणं आटोपली, की तिनं बैठकीतल्या वेताच्या खुर्चीवर बसायचं आणि चारचा चहा येईपर्यंत उठायचं नाही. समोरच्या खुर्चीवर हारिसनंही तसंच बसायचं. जो आधी उठेल तो हरला, आणि घराखालचा गाळा दुसऱ्याला.

गाळा रोशन गेटच्या रस्त्याला लागून होता. त्यात फारूख शेठनी उभं आयुष्य हिमरू शाली आणि कापड विकलं होतं. गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं, आणि तेव्हापासून त्या शटरवर दोघांचा डोळा होता. एक त्यांचा भाचा हारिस. त्याचं मोबाईल आणि गेमच्या वस्तूंचं दुकान बरं चाललं होतं आणि त्याला इथं दुसरं काढायचं होतं. दुसरी त्यांची मुलगी महेजबीन. संगणकाचा डिप्लोमा करून ती दुसऱ्याच्या दुकानात दुसऱ्यांचे संगणक दुरुस्त करायची. आता तिला स्वतःच्या नावाची पाटी हवी होती, आणि ती इतकी हवी होती, की येता-जाता ती त्या शटरच्या कुलपाला हात लावून जायची.

दोघांचं भांडण मात्र गाळ्याहून जुनं होतं. हारिस म्हणायचा, टीव्हीसमोर सोफ्यावर बसून खेळायचं तर कन्सोलच पाहिजे. बटण दाबलं की चालू, डोक्याला ताप नाही. महेजबीन म्हणायची, तेच काम संगणक करतो आणि स्वस्तात करतो. नुसतं म्हणून ती थांबली नव्हती. शेंद्र्याच्या कंपन्यांमधून निघालेले जुने संगणक ती भंगारातून निवडून आणायची, त्यांतले धडधाकट भाग काढायची, त्यात एक वापरलेलं पण दमदार ग्राफिक कार्ड बसवायची आणि सगळं मिठाईच्या मोठ्या डब्याएवढ्या पेटीत कोंबायची. टीव्हीखाली ठेवायचं, कंट्रोलर हातात घ्यायचा आणि खेळायचं. शिवाय पोरांचा अभ्यासही त्यावरच, म्हणजे आयांची तक्रार नाही. घरात त्या यंत्राला सगळे नुसतं डबा म्हणत.

फारूख शेठना मात्र संगणक या प्राण्याचा कडू अनुभव होता. घरात पहिला संगणक आल्यापासून त्यांनी मुलीचा चेहरा कमी आणि टेबलाखालून बाहेर आलेले पाय जास्त पाहिले होते.

“मशीन बैठकीत आणि माणूस टेबलाखाली, असलं काही माझ्या गाळ्यातून विकायचं नाही,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक सोफ्यावर बसायला पैसे देतो.”

म्हणून ती अट: यंत्रं पाहुण्यांनी चालवायची आणि मालकानं जागचं हलायचं नाही. मुलगी म्हणून गाळा दिला असं कुणी म्हणायला नको, आणि मुलगी म्हणून दिला नाही असंही कुणी म्हणायला नको. पंच म्हणून त्यांनी फुलंब्रीहून मल्हाररावांना बोलावलं. मल्हारराव मेंढपाळ घरचे. त्यांच्याकडची घोंगडी एके काळी फारूख शेठच्या दुकानात विकली जायची, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांच्या घरचे झाले होते. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं आणि कन्सोलमधलंही नाही, त्यामुळे पंच होण्याची पात्रता त्यांच्याकडे पुरेपूर होती.

रविवारी सकाळीच महेजबीननं डबा कीबोर्ड जोडून चालू केला, सुरू होताच खेळ आपोआप उघडेल असा लावून ठेवला, मग कीबोर्ड काढून आत नेला. बैठकीत कीबोर्ड दिसला असता तर अब्बांनी तिथंच निकाल लावला असता. शेजारी हारिसनं आपलं कन्सोल मांडलं. ते त्याच्या थोरल्या भावानं शारजाहून पाठवलेलं होतं आणि बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं असं देखणं होतं. दोन्ही यंत्रं एकाच टीव्हीला जोडली, आणि सगळ्यांच्या पिना टीव्हीमागच्या एकाच बोर्डात गेल्या.

मग नान-खलियाची दावत झाली, आणि ती आटोपता आटोपता खरा घोळ झाला. तो घातला महेजबीनच्या अम्मीनं, जैतुनबीनं, आणि तोही मायेनं.

जैतुनबीच्या घरात उघडं-वाघडं काही नसे. फ्रिजला झालर होती, मिक्सरला टोपडं होतं, पाण्याच्या फिल्टरला झगा होता आणि रिमोट तर जन्मापासून प्लास्टिकच्या पिशवीत होता. पाहुणे आले आणि टीव्हीखाली दोन यंत्रं नागडी बसलेली, हे तिला कसं खपावं? दुकान बंद झालं तेव्हा उरलेल्या हिमरूच्या तुकड्यांतून तिनं दोघांनाही गुपचूप गिलाफ शिवले होते. डब्याला मोरपंखी, कन्सोलला लाल. कीबोर्डालासुद्धा एक शिवला होता, बटणं लावून. सगळे हात धूत होते तेवढ्यात तिनं दोन्ही गिलाफ चढवले आणि नाड्या आवळल्या.

महेजबीन खुर्चीवर बसली, अब्बा म्हणाले, “चला, सुरू,” आणि मग तिची नजर टीव्हीखाली गेली.  हवा घ्यायची आणि गरम वाफ सोडायची सगळी भोकं त्या मोरपंखी हिमरूखाली गुदमरत होती. समोर हारिसचाही चेहरा उतरला होता, पण उठायची सोय दोघांनाही नव्हती.

“अम्मी, ते काढा जरा,” ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली.

“दोघांना घातलंय, बेटा. भेदभाव केलेला नाही,” जैतुनबी म्हणाली.

आधी हारिसचं यंत्र. फारूख शेठ आणि मल्हारराव मोटारींच्या शर्यतीला बसले. मल्हाररावांनी जन्मभर ट्रॅक्टर चालवला होता; त्यांनी पहिल्याच वळणावर रस्ता सोडून गाडी गवतात घातली, कारण वावरातनं जवळ पडत होतं. दोघं हसून हसून बेजार झाले. हारिस पाय पसरून बसला. पण दोनचार शर्यती होतात न होतात तोच पडद्यावर सूचना आली, की यंत्र फार तापलंय, मोकळ्या हवेत ठेवा. हारिसनं पाय आखडले.

मग डब्याची पाळी. चित्र झकास आलं, गाड्या तशाच पळाल्या, आणि महेजबीननं सुटकेचा श्वास घेतला. तो पुरा बाहेर पडायच्या आत डब्याच्या पंख्यानं सूर धरला. आधी घरघर, मग पिठाच्या गिरणीसारखा आवाज. टीव्हीतल्या गाड्या ऐकू येईनाशा झाल्या.

“हे लई धापा टाकायलंय,” मल्हारराव म्हणाले.

“गरम होतंय ते,” महेजबीन काकुळतीला येऊन म्हणाली. “अम्मी, गिलाफ काढा ना.”

आता जैतुनबीचा पेच समजून घेतला पाहिजे. उकडत असलेल्या पाहुण्याला माणूस वारा घालतो, त्याचे कपडे उतरवत नाही. तिनं ‘गरम’ एवढाच शब्द मनावर घेतला, गॅलरीतला कूलर ढकलत आणला, तोंड यंत्रांकडे केलं आणि त्याची पीन टीव्हीमागच्या बोर्डात शिल्लक असलेल्या एकमेव जागेत खुपसली.

“अम्मी, त्या बोर्डात नको—”

खट्ट झालं. टीव्ही गेला, पंखा गेला, डबा गेला, कन्सोल गेलं. शेजाऱ्यांकडचा पंखा मात्र मजेत फिरताना ऐकू येत होता. बैठकीत हारिसच्या खुर्चीचा वेत करकरला, तोही सगळ्यांना ऐकू आला. तो उठायला निघाला होता. महेजबीनकडे बघून परत टेकला. ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती.

फारूख शेठनी दाराबाहेर जाऊन पडलेलं बटण वर केलं. दरम्यान मल्हाररावांनी जैतुनबीला समजावलं, की भाबी, उन्हाळ्यात आमी मेंढराची लोकर कातरतो, ते बी चारचौघांत, त्यात लाजायचं काय. मेंढराचा दाखला तिला पटला. तिनं जड हातानं दोन्ही गिलाफ उतरवले आणि कूलर दुसऱ्या भिंतीला लावला. आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण दुष्काळात तेरावा महिना यायचा होता.

कन्सोल आधी जागं झालं आणि रुसलं. मला नीट बंद केलं नाही, म्हणालं. मग बराच वेळ स्वतःला तपासत बसलं. मग त्याला इंटरनेट हवं झालं. ते मिळालं तेव्हा त्यानं विचारलं, तुम्ही कोण? खातं होतं थोरल्या भावाच्या नावाचं. ओळख पटवायचा कोड जाणार होता भावाच्या फोनवर, आणि भाऊ शारजात कामावर, फोन कपाटात ठेवून. हारिस खुर्चीवरूनच फोनवर फोन लावू लागला.

“तुझं कोणतं बटण दाबायचं ते सांग, मी दाबते,” जैतुनबी कळवळून म्हणाली.

“मुमानी, बटण शारजात आहे,” हारिस म्हणाला.

महेजबीनला हसायला वेळ नव्हता. अब्बांनी रिमोटनं टीव्ही डब्याकडे वळवला होता. काळ्यावर पांढरी अक्षरं होती: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. तिनं कपाळाला हात लावला. सकाळी कीबोर्ड जोडून चालू केल्यामुळे तो नसताना डबा सुरू होतो का, हे तिनं बघितलंच नव्हतं. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एक साधी खूण बदलायची होती, ती राहून गेली होती. दुसऱ्यांच्या दुकानात अशा चुका ती दिवसातून चारदा पकडायची.

उठावं तर गाळा गेला, बसावं तरी गेलाच. अब्बा पडद्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर टेबलाखालचे पाय स्पष्ट दिसत होते. ती अर्धी उठलीही असती. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की अट तिच्या उठण्याला होती, तोंडाला नव्हती.

“अम्मी, माझ्या खोलीतला कीबोर्ड आणता?”

जैतुनबीनं तो गिलाफासकट आणला. ती त्या कामाला लागली तशी बैठकीतली सगळी माणसं पुढे सरसावून बघू लागली. पीन बसेना. महेजबीन म्हणाली, उलटी करा. उलटी केली, तरी बसेना. परत पहिल्यासारखी केली, तेव्हा बसली. असं का होतं हे जगात कुणालाच माहीत नाही. मग तिनं सांगितलं, वरची ओळ, डावीकडून दुसरं बटण. जैतुनबीनं गिलाफाचं एकच बटण सोडून आत हात घातला, चाचपत डावीकडून मोजलं, बिस्मिल्लाह म्हटलं आणि दाबलं.

पडदा काळा झाला. फारूख शेठनी डोळे मिटले. आणि मग डब्यातून हलकीशी घरघर आली, रंग उमटले, आणि शर्यतीच्या गाड्या ओळीनं उभ्या राहिल्या. पंखा इतका गपगार, की कूलरचं पाणी ऐकू येत होतं.

महेजबीन दोन्ही हात वर करून ताडकन उभी राहिली.

आणि तशीच राहिली. कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

“मामू, उठली ती,” हारिस म्हणाला.

फारूख शेठचा चेहरा पडला. दिलेला शब्द फिरवल्याचं त्यांच्याबद्दल अख्ख्या रोशन गेटवर कुणी सांगितलं नसतं, आणि या घडीला त्यांना त्या कीर्तीचा राग आला. महेजबीन हळूच खाली बसली, जणू बसल्यानं काही फरक पडणार होता. तिचे डोळे भरून आले. एवढं सगळं बसून निभावलं आणि आनंदानं घात केला.

मल्हाररावांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. “पोरी, मशीन बंद व्हतं तवा उठलीस, का चालू झाल्यावर?”

“चालू झाल्यावर, चाचा.”

“मंग ते मशीनसाठी उठणं नाय. कुस्ती मारल्यावर गडी उभाच ऱ्हातो. बसून कुणी जिंकतंय व्हय?” त्यांनी मान वळवली. “हारिसमियाँ, तुमी कशाला उठलात?”

तेव्हा कुठं हारिसच्या ध्यानात आलं, की ‘उठली ती’ हे तो उभा राहून म्हणाला होता. त्यानं आधी स्वतःकडे पाहिलं, मग आपल्या यंत्राकडे. यंत्र अजून विचारत होतं, तुम्ही कोण? तो मुकाट्यानं खाली बसला, आणि मग त्यालाच सगळ्यांत आधी हसू फुटलं.

“मशीन दोन्ही बंद पडली,” फारूख शेठ म्हणाले.  “एक घरातल्या माणसानं चालू केलं. तेही जिनं आयुष्यात कीबोर्डला गिलाफच घातला, तिनं. दुसरं चालू व्हायला समुद्रापलीकडून निरोप यायचाय. मल्हारराव, तुम्ही यातलं कोणतं घ्याल?”

“हे धापा टाकणारं,” मल्हारराव म्हणाले. “नातवंडांना. अभ्यासाला बी व्हतं म्हणं.”

फारूख शेठ गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि मुलीपर्यंत चालत गेले. खिशातून शटरची किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली आणि मूठ स्वतःच मिटवली.

“पाटीवर नाव तुमचंच राहू द्या, अब्बा,” ती कशीबशी म्हणाली.

“माझं पुष्कळ दिवस होतं. आता तुझं लिही,” ते म्हणाले. “आणि मोठ्या अक्षरात लिही. मल्हारराव चष्मा न लावता येतात, आणि पहिलं गिऱ्हाईक दुकान चुकायला नको.”