अण्णांच्या लाल गाडीला हूक

आमचे शेजारी सोपानअण्णा ताटात पडलेल्या भाकरीची जाडी मोजत. थट्टा नाही. तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि निवृत्त होऊन महाळुंगे पडवळला परत आले ते खिशात व्हर्नियर घेऊनच. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायची दोन जबड्यांची पट्टी. "कडंला साडेचार, मधी सहा," असं ते शेवंताकाकींना सांगत, आणि काकी पुढची भाकरी मुद्दाम आणखी जाड थापत.

"अंदाज म्हंजी अपघात, गुर्जी," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी गावच्या शाळेत मास्तर, त्यामुळे आपलं शहाणपण तपासून घ्यायला गावाला मीच सापडायचो. कुणी म्हणालं, घोडेगाव इथून वीसेक किलोमीटर असेल, की अण्णा विचारत, "वीसेक म्हंजी किती?" सोयरिकीच्या बैठकीला त्यांना बोलावणं लोकांनी सोडून दिलं होतं. एकदा त्यांनी नवऱ्या मुलाला भिंतीशी उभा करून खरोखरच मोजला, आणि तो सांगितल्यापेक्षा दोन इंच कमी भरला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्याच्या भाच्याने परदेशी जाताना आपली लाल गाडी मामाच्या गळ्यात मारली. गाडी ठेंगणी, रुंद टायरांची, मागे पंख लावलेली. कॉलेजातल्या पोरांनी मोठ्याने गाणी लावून फिरवावी अशी. अण्णांनी तिला तीन प्रदक्षिणा घातल्या, पालथे पडून खालून पाहिलं आणि जाहीर केलं, "हिला मागं हूक बसवायचा. ट्रॉली वढायला."

गावाला महिनाभराचं काम मिळालं. कुणी म्हणे कांदा न्यायचा असेल, कुणी म्हणे म्हातारपणी डोकं फिरलं. नारायणगावच्या गॅरेजवाल्याने तर हात जोडले. "अण्णा, ही पळवायची गाडी हाय, वढायची न्हाई. नवरीच्या नाकात येसण घालाया सांगताय राव!"

कारण मला ठाऊक होतं, कारण आमच्या दोन घरांत भिंत एकच. काकींना गाडी लागायची. एसटी असो, जीप असो, फाटा यायच्या आत पदर तोंडाला. माहेर तळेघरला, डोंगरात. पूर्वी त्या पायीच जायच्या. तीन वर्षांमागे गुडघे गेले आणि माहेर तुटलं. तिकडे आई नव्वदीला टेकलेली. तिला दिसत नव्हतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तिचा निरोप एकच: शेवंताला एकदा हात लावू द्या. उघड्या ट्रॉलीत मात्र काकींना काही होत नसे. पुतणीच्या लग्नाला ट्रॅक्टरमागे बसून त्या गाणी म्हणत गेल्या होत्या. पण तेव्हा गुडघे धड होते. आता ट्रॅक्टरच्या दणक्यांनी त्यांचा भुगा झाला असता.

म्हातारीकडे दिवस किती उरलेत, हे एकच माप अण्णांना काढता येत नव्हतं. त्यामुळे ते घाईत होते, आणि घाईत त्यांनी पहिला हूक सरळ बंपरला ठोकला. भोक पाडताना "लोखंड लई मऊ यायला लागलंय हल्ली" असं म्हणालेसुद्धा. जन्म लोखंडात गेलेल्या माणसाला बंपर प्लास्टिकचा असू शकतो, हे सुचलंच नाही. चाचणीला ट्रॉलीत बटाट्याची पोती भरली. वेशीपाशी गाडी पुढे गेली आणि बंपर ट्रॉलीजवळ राहिला. अण्णांना ते बरंच पुढे गेल्यावर कळलं. "वढ येकदम हलकी झाली, तवा म्हनलं कायतरी चुकलं."

दुसऱ्यांदा त्यांनी डिकीच्या तळाखाली लोखंडी पट्टी बसवली आणि हूक तिला जोडला. ट्रॉलीला स्कूटरच्या स्प्रिंगा, वर हातांची खुर्ची, खुर्चीला पट्टा. मग खुर्चीत काकींच्या वजनाइतके बटाटे बांधायचे, पायाशी काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि गावाला फेरी मारायची. परत आलं की व्हर्नियर आत बुडवून पाणी किती सांडलं ते मोजायचं. पहिल्या फेरीला तांब्याच गडगडत ओढ्यात गेला. पाच वेळा स्प्रिंगा बदलल्या. अखेर एका संध्याकाळी त्यांनी भिंतीपलीकडून सांगितलं, "अकरा मिलिमीटर. उद्या निघायचं. तुमी बी चला."

मला का, ते गाडीत कळलं. मागच्या पंखामुळे आरशात खुर्ची दिसत नव्हती. "तुमी फकस्त मागं बगायचं," अण्णा म्हणाले. त्यामुळे तळेघरचा रस्ता मी मान वळवून उलटा पाहिला.

"काय करतीया?"

"बसल्यात."

"तोंड कसं दिसतंय?"

"चांगलं दिसतंय."

"नीट बगून सांगा."

डिंभ्याच्या पुढे वळणं सुरू झाली. "डोळे मिटलेत," मी म्हणालो. अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि चप्पल न घालताच मागे पळाले. काकी दचकून जाग्या झाल्या. "अवं, जरा डोळा लागला व्हता, तर उठवलं कशाला?"

गाडीत झोप लागण्याची ही त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ. पुढचा घाट अण्णांनी इतका हळू चढवला की डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आम्हाला मागे टाकून गेली.

म्हातारी ओट्यावर बसली होती. काकी शेजारी टेकल्या. म्हातारीचे हात लेकीच्या तोंडावरून, केसांवरून फिरत गुडघ्यांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. दोघी रडल्या.

मग म्हातारीने डोळे पुसले आणि सुनेला हाक मारली. "पानी तापव गं. मीठ टाक. जावयाचं पाय सुजलं असतील."

मी सुनेकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "दर साली पायीच यायचं ना दोघं. कंपनीतनं रजा काढून. वाटंत येक मुक्काम. यष्टी व्हती, पर दाजी कदी बसलं न्हाईत. म्हनायचं, ती चालती तर म्या बसून कसा येऊ?"

इतक्या वर्षांत गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही समजायचो, काकी पायी जातात आणि अण्णा मागाहून एसटीने तळेघर गाठतात. पारावर या माणसावर सगळ्यात जास्त मीच हसलो होतो. त्याची मला लाज वाटली.

"आये, आज गाडीनं आलोय आमी," काकी म्हणाल्या. म्हातारीला ते ऐकू गेलं नाही, की पटलं नाही. घंगाळ पुढ्यात आलं, तशी ती हाताने जावयाचे पाय चाचपू लागली.

अण्णांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोन्ही पाय गरम पाण्यात सोडले. म्हातारी सावकाश त्यांचे तळवे चोळत राहिली.

"लई बरं वाटलं, मामी," अण्णा म्हणाले. "लई चालनं झालं आज."