मध्यंतरापर्यंतची टिल्ली

कोणत्याही व्यवसायात माणूस आधी उमेदवारी करतो, मग अनुभव घेतो, मग बढती मिळवतो आणि सर्वांत शेवटी मरतो. हा क्रम जवळपास सगळ्या खात्यांना मान्य आहे. अपवाद फक्त सिनेमातल्या बालकलाकारांचा. तिथं मरण आधी येतं आणि उमेदवारी मागाहून करावी लागते. (अनुभव मिळतो की नाही, याबद्दल मतभेद आहेत.)

टिल्लीची कारकीर्द या नियमाला धरून पाचव्या वर्षी सुरू झाली.

तिची आई स्टुडिओच्या कपडेपटात कामाला होती. म्हणजे नटनट्यांचे कपडे धुणं, इस्त्री करणं, उसवलेलं शिवणं आणि नायकाच्या कमरेचा घेर वाढला की त्याला न कळेल अशा बेतानं पँट सैल करणं. शाळेला सुट्टी असली की टिल्ली आईबरोबर यायची आणि इस्त्रीच्या टेबलाखाली मळक्या कपड्यांच्या ढिगावर झोपायची. त्या दिवशी नायकाच्या मांडीवर प्राण सोडण्यासाठी जी मुलगी ठरवली होती, तिला नायकाच्या मिशीनं गुदगुल्या होत होत्या. अकरा वेळा ती मेली आणि अकराही वेळा हसली. दिग्दर्शक वैतागून बाहेर पडला, तो पाय नेतील तिकडं चालत कपडेपटात आला. टेबलाखाली टिल्ली होती. तोंड अर्धवट उघडं, एक हात लोंबकळलेला, जगाची शुद्ध नाही.

"हीच," दिग्दर्शक म्हणाला.

"अहो, ती झोपलीये," आई म्हणाली.

"उठवू नका. तशीच उचला."

अशा रीतीनं टिल्लीचं पहिलं मरण झोपेत आलं, जे भल्याभल्यांच्या नशिबी नसतं. 'निरागस चेहऱ्यावरची ती अलौकिक शांती' असं एका वर्तमानपत्रानं लिहिलं. टिल्ली घरी आल्यावर जागी झाली आणि आज आपण स्टुडिओत जाणार आहोत का, असं तिनं विचारलं. त्या भूमिकेची तयारी कशी केली, असं पुढं कुणी विचारलं की ती खरं तेच सांगायची: पोटभर जेवून.

पुढच्या सहा वर्षांत तिनं चौदा चित्रपट केले आणि त्यात ती चौदा वेळा मेली. आईनं शिवणाच्या डब्यात ठेवलेल्या वहीनुसार तपशील असा: तापानं सहा, पाण्यात तीन, मोटारीखाली तीन, खलनायकाच्या गोळीनं एक आणि अस्पष्ट एक. (अस्पष्ट म्हणजे मरण्याचा तुकडा संकलनात चुकून कापला गेला. मुलगी एका दृश्यात होती, पुढच्यात नव्हती. एकाही प्रेक्षकानं तक्रार केली नाही.) आईचा कल तापाकडे असे. गोळी म्हटली की रक्त आलं, रक्त म्हणजे साखरेच्या पाकातला लाल रंग, त्याला मुंग्या लागायच्या आणि फ्रॉक शेवटी धुवायचा तिलाच. "आमच्या हिला तापच द्या हो, ताप स्वच्छ असतो," असं ती लेखकाला आडून आडून सुचवायची. कथेच्या निकडीमुळं ताप आला असं समीक्षकांना वाटे. तो धुण्याच्या निकडीमुळं यायचा.

वडील आयुर्विम्याचे एजंट. मितभाषी माणूस. मुलीच्या प्रत्येक चित्रपटाला ते पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून जात आणि ती खोकली किंवा रस्ता ओलांडायला लागली, की उठून बाहेर जाऊन उभे राहत. मध्यंतर झालं की मायलेकी बाहेर येत आणि तिघं घरी जात, कारण आपलं काम संपलं होतं. त्यामुळं त्या घरात एकाही सिनेमाचा शेवट कुणाला ठाऊक नव्हता. नायकानं सूड घेतला का, खलनायक सापडला का, यावर जेवताना चर्चा होई. प्रकरण कोर्टात गेलं असावं, असं वडिलांचं मत पडे.

उत्तरार्धात टिल्लीच्या वतीनं तिचा फोटो काम करायचा. नायक त्याच्याशी बोलायचा, त्याची शपथ घ्यायचा, हाणामारीत तो पडून काच फुटायची आणि मग नायक खवळायचा. "माझ्यापेक्षा माझा फोटो खूप पुढं गेला," असं टिल्ली अजूनही सांगते. "आणि त्याला गृहपाठही नव्हता."

बाराव्या वर्षी मात्र टिल्लीनं धंद्याशी बेइमानी केली. ती एका वर्षात अर्धा हात वाढली. तापाच्या पलंगावर झोपवली तर पांघरुणाबाहेर पाय यायचे. पांघरूण पायावर ओढलं की तोंड पूर्वीइतकं केविलवाणं दिसेना. तिला नऊ वेळा उचललेल्या नायकानं दहाव्यांदा उचललं आणि त्याच्या कमरेत चमक भरली. तीन आठवडे चित्रीकरण बंद पडलं. आई निर्मात्याकडं जाऊन माफी मागून आली. "वाढली हो," ती म्हणाली, "मी लक्ष ठेवलं होतं, पण शाळेत असताना वाढली."

या धंद्याचा हिशेब सरळ आहे. दहा वर्षांखालची मुलगी मेली की प्रेक्षक रडतात. अठरा वर्षांवरची मेली की नायक रडतो. मधल्या मुलीच्या मरणानं कुणाचाच काही फायदा होत नाही, म्हणून तिला जगण्याची मुभा असते. टिल्लीनं ही मुभा सात वर्षं भोगली. वर्गात हजेरी घेताना ती 'हजर' म्हणाली, की बाई मान वर करून खात्री करून घ्यायच्या. भाजीच्या दुकानात तिला पाहून एका बाईंच्या हातून बटाट्याची पिशवी सुटली.

"अगं, तू गेली होतीस ना?"

"हो," टिल्ली म्हणाली, "पण आता बरी आहे." आणि बटाटे गोळा करून दिले.

एकोणिसाव्या वर्षी त्याच दिग्दर्शकाचं बोलावणं आलं. नायिकेची भूमिका होती. नायक तोच. तिच्या लहानपणी तो अधिकृतरीत्या चौतीस वर्षांचा होता. मधल्या काळात त्यानं मेहनत घेऊन स्वतःला अठ्ठावीसवर आणलं होतं. पूर्वी बाप होता, आता प्रियकर. टिल्लीला त्यात वावगं वाटलं नाही. तिचं सगळं लक्ष संहितेकडं होतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिला पूर्ण जाडीची संहिता मिळाली होती. आईनं तिला शाळेच्या पुस्तकासारखं कव्हर घातलं. टिल्लीनं मध्यंतराचं पान उलटलं आणि पलीकडं खरोखरच पानं होती.

उत्तरार्धात नायिकेला पुढील कामं होती: गच्चीत उभं राहणं (दोनदा), ट्रे घेऊन येणं, 'तुम्ही जाऊ नका' असं म्हणणं, खुर्चीला बांधलं जाणं, सोडवलं जाणं. तिच्या फोटोलाही याहून जास्त वाव असायचा. पण ती शेवटच्या पानावर जिवंत होती. टिल्लीनं ते पान वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते स्वतः पुन्हा वाचलं आणि या वेळी शेवटपर्यंत बसू, असं सांगितलं.

कामात अडचणी आल्या, नाही असं नाही. कॅमेरा जवळ आला की सवयीनं तिचा श्वास थांबायचा. "श्वास घे," असं दिग्दर्शकाला दर शॉटला सांगावं लागे. नायकानं मिठी मारली की ती अंग सैल सोडून त्याच्या हातांवर पडायची, आणि त्याची कंबर अठ्ठावीस वर्षांची नसल्यामुळं पुन्हा डॉक्टर आले. पण महिन्याभरात ती जगायला बऱ्यापैकी शिकली. खुर्चीला बांधलेली असताना तर तिनं असा काही श्वास घेतला, की प्रकाशयोजना करणाऱ्या वयस्क गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या.

चित्रपट तयार झाल्यावर निर्मात्यानं चाळीस लोकांना बोलावून तो दाखवला आणि प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेतला. तीन जणांनी फॉर्म कोरा ठेवला, सहा जणांनी खुर्च्यांची स्तुती केली. उरलेल्या एकतीस जणांचं मत एकच पडलं: मुलगी चांगली आहे, पण ती मरते कधी? एका निवृत्त गृहस्थांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'शेवटपर्यंत वाट पाहिली. काहीही झालं नाही.'

दिग्दर्शक दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी घरी आला. चहा संपेपर्यंत तो हवापाण्याचं बोलला. मग त्यानं निर्मात्याचा निर्णय सांगितला: मध्यंतराला एक छोटं दृश्य वाढवायचं, एका दिवसाचं काम.

आईनं वर्षानुवर्षांच्या सवयीनं विचारलं, "ताप की रक्त?"

"ताप," दिग्दर्शक म्हणाला. "तुमच्यासाठी म्हणूनच."

विम्याच्या कामात वडील लोकांशी मरणाबद्दल वर्षानुवर्षं बोलत आले होते, घरात कधी बोलले नव्हते. ते दिग्दर्शकाकडं न बघता म्हणाले, "मी चौदा वेळा बाहेर उभा राहिलोय. आता गुडघे दुखतात माझे."

दिग्दर्शकानं रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. आपण येऊ, असं टिल्लीच म्हणाली. काम म्हणजे काम, आणि हे काम तिला येत होतं. खरं तर एवढंच येत होतं.

ठरल्या दिवशी पलंग चांगला लांब आणला होता. टिल्ली आडवी झाली, नायक उशाशी बसला, दिवे लागले. पहिल्या खेपेला तिचे डोळे उघडले. दुसऱ्या खेपेला ती शिंकली. तिसऱ्या खेपेला नायकाचा हुंदका ऐन रंगात असताना तिनं त्याला खरंच विचारलं, की आधी उत्तरार्धात तुम्ही मला सोडवायला येत होता, आता कुणाला सोडवणार? नायकाला माहीत नव्हतं. सतराव्या खेपेपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं, की मुलीला मरता येत नाहीये. छाती वरखाली होतच होती. ती मुद्दाम करत नव्हती. तिची तिलाच लाज वाटत होती: पाच वर्षांची असताना जे झोपेत जमलं, ते आता जागेपणी जमू नये.

शेवटी दिग्दर्शकानं तिच्या आईला बोलावून घेतलं. ती हात पुसत आली, पलंगापाशी उभी राहिली. टिल्लीचे डोळे भरले होते आणि ते संहितेत नव्हतं.

"जमत नाहीये का?" आईनं विचारलं.

टिल्लीनं मान हलवली.

"मग नको मरू," आई म्हणाली. "पण काय ते आत्ता सांग. मला कपडे भिजत घालायचेत."

टिल्ली उठली, गाऊन बदलून आईच्या हातात दिला आणि दोघी घरी गेल्या.

निर्मात्याचं काही अडलं नाही. दुसऱ्याच कुणा मुलीला तोंडावरून पांघरूण ओढून झोपवण्यात आलं आणि पुढचं काम फोटोनं सांभाळलं. चित्रपट खूप चालला. 'हिचं आजवरचं सर्वांत सहज मरण. अभिनय चाललाय असं वाटतच नाही,' असं एकमतानं लिहिलं गेलं. टिल्लीला त्यासाठी पारितोषिक मिळालं. ते तिनं घेतलं, कारण अनुपस्थित राहून मिळवलेलं पारितोषिक उपस्थित राहून नाकारणं तिला आगाऊपणाचं वाटलं.

त्यानंतर तिला नायिकेची भूमिका मिळाली नाही. सध्या ती सव्वीस वर्षांची आहे आणि नर्स क्रमांक दोन, शेजारीण, तिकीट खिडकीवरची बाई अशी कामं करते. ही माणसं कुणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून त्यांना कुणी मारत नाही, आणि ती शेवटच्या दृश्यात मागं कुठंतरी उभी असतात. वडील आता संपूर्ण चित्रपट बघतात आणि ती दिसली की शेजारच्या अनोळखी माणसाला हळूच दाखवतात. तो माणूस बहुधा चुकीच्या नर्सकडं बघतो. टिल्ली याला बढती म्हणते.

इथं कथा संपते. काही वाचकांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. मधलं एखादं पान गळलं असावं, अशी त्यांना शंका येईल. तेव्हा खुलासा असा, की पान गळलेलं नाही, टिल्ली ठणठणीत आहे. गेल्या आठवड्यात तिला जरा ताप आला होता.

दाढेमुळं आला होता, उतरलाही. पण हे वाक्य येईपर्यंत जे खुर्चीत जरा सावरून बसले, त्यांनी फॉर्म भरायची गरज नाही. त्यांचं मत आमच्यापर्यंत पोहोचलं.