डॉक्टरांच्या कानांची परीक्षा

दातांच्या डॉक्टरांनी एकदम तीन जोड्या स्पीकर घरी आणले, तेव्हा त्यांच्या बायकोने आधी सोफा शोधला. तो खोक्यांखाली होता.

"परत द्यायचेत गं," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "दुकानदाराने नुसते ऐकायला दिलेत. एकच जोडी ठेवायची. सगळा फरक ट्वीटरचा आहे."

ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला वरच्या पट्टीतला बारीक आवाज काढणारा छोटा भाग. एका जोडीत तो रेशमी कापडाचा फुगीर घुमट होता, दुसरीत धातूचा, आणि तिसरीत घुमटच नव्हता. चॉकलेटवरच्या चांदीसारखी एक पातळ पट्टी उभी ताणून बसवली होती. तिला रिबन म्हणतात. रेशमी ट्वीटर गोड, धातूचा धारदार आणि रिबनचा अगदी स्वच्छ, असं डॉक्टरांनी वाचलं होतं. वाचलंच होतं, कारण दुकानात आठवडाभर कान देऊनही त्यांना तिन्ही सारखेच वाटत होते. दिवसभर दात कोरायचं मशीन कानाशी किंचाळत असल्यावर दुसरं काय होणार! पण हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी स्वतःचे दात काढून घेतले असते.

"मी स्वयंपाकघरातून घसा फोडून हाका मारते, त्या ऐकू येत नाहीत," बायको म्हणाली, "आणि रेशीम ऐकू येतं?"

"हाका वेगळ्या पट्टीत असतात."

"असं? मग उद्या संध्याकाळी डोळे बांधून बसा. मी वाजवते, तुम्ही ओळखा. तिन्ही बरोबर आले तर एक जोडी तुमची. एक जरी चुकलं, तर सगळं परत, आणि या घरात पुन्हा स्पीकरचं नाव काढायचं नाही."

डॉक्टर नाही म्हणणार होते, पण "कबूल!" हा शब्द तोंडातून आधीच निसटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको बाहेर गेली होती. तिचे वडील चार दिवस मुलीकडे राहायला आले होते. त्यांनी झोपून उठल्यावर स्पीकरची जाळी काढली, चष्मा पुसला आणि धातूच्या घुमटावर अंगठा दाबला.

"जावईबापू, हे बटण दाबलं तरी काही सुरू होत नाही हो!"

डॉक्टर धावत आले. घुमटाची वाटी झाली होती. रेशमी घुमट असता तर मुकाट्याने पुन्हा वर आला असता. धातू मानी, एकदा खचला की खचला.

"बाबा, ते बटण नाही!"

"मग फुगीर कशाला करतात? फुगीर दिसलं की माणूस दाबणारच."

वाद घालायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनर ओढत आणला, नळी हलकेच घुमटावर टेकवली आणि बटण दाबलं. खरंखुरं बटण. टॉक! घुमट वर आला. एक सुरकुती राहिली, पण ती जाळीआड खपून जाणार होती. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता मशीन पुढून जी हवा ओढतं, ती मागून कुठेतरी सोडतंच. मागे रिबनची जोडी उभी होती, तीही उघडीच, कारण सासऱ्यांनी सगळ्याच जाळ्या काढल्या होत्या. डॉक्टर वळले तेव्हा एका स्पीकरची पट्टी मधोमध फाटून जिभेसारखी लोंबत होती.

"हिला मात्र मी हात लावलेला नाही हं," सासरे म्हणाले.

फाटलेला माल दुकानदार परत घेणार नव्हता. म्हणजे रिबनची जोडी घरातच ठेवायला हवी, त्यासाठी परीक्षा पास व्हायला हवी, आणि कानांची तर ही अशी बोंब. दोघांनी निमूटपणे जाळ्या लावून टाकल्या.

संध्याकाळी डॉक्टरांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला गेला. गाणं सुरू झालं. वरचा सूर लागला की कुठूनतरी बारीक 'टिंग' यायचं. डॉक्टरांना सुरकुती आठवली.

"धातू!" ते ओरडले.

दुसरी जोडी लागली. चरचर, फडफड, पुन्हा चरचर.

"रिबन! आणि उरलेला रेशमी."

"न ऐकताच?"

"कान तयार असावा लागतो," डॉक्टर टॉवेल सोडत म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला होता की फाटलेल्या पट्टीचा मुका घ्यावासा वाटत होता.

"तिन्ही बरोबर," बायको म्हणाली. "कोणती ठेवताय?"

"रिबन."

"अहो, ती चरचरते."

"त्याला बारकावे म्हणतात."

सासऱ्यांना मोठा खोकला आला. बायकोने एकदा वडिलांकडे, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"ठेवा. शब्द म्हणजे शब्द. आणि मी वेडी इतकी वर्षं समजत होते, त्या मशीनपायी बिचाऱ्यांना ऐकू येत नाही! इतके तिखट कान आहेत तर!"

ती आत गेली आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, "भांडी घासायचीत."

डॉक्टर जागच्या जागी थिजले. त्यांनी केविलवाण्या चेहऱ्याने सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्हीही ऐकलंत ना? चला की जरा मदतीला."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि त्यामागून कुजबुजले, "जावईबापू, तुमच्या सासूबाईंनी माझ्या कानांची परीक्षा जन्मभर घेतली. एकदाही पास झालो नाही मी."