शेवट अप्रतिम!

दातांच्या डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात आरसा घातला, दिवा खाली ओढला आणि विचारलं, "मग? कादंबरी कुठवर आली?"

"आं," विमा एजंट म्हणाला. त्याच्या तोंडात आरसा, कापसाचे बोळे आणि लाळ ओढणारी नळी एवढा संसार मांडलेला होता.

"ती म्हातारी तळघरात उतरते, तिथवर आलात का?"

"आं आं."

"म्हणजे अजून नाही." डॉक्टरांचा चेहरा पडला. ड्रिल सुरू झालं. एजंटाला उगाचच वाटलं, आज ते जरा जास्तच खोल जातंय.

डॉक्टरांचा जीव एका विज्ञानकादंबरीवर जडला होता. दूरच्या एका चंद्रावर एक बाई एकटीच दिवा सांभाळत बसलेली असते. कधीतरी यान येईल, त्याला वाट दिसावी म्हणून. वाट पाहता पाहता ती म्हातारी होते आणि मग एक दिवस यान खरंच येतं. कॉलेजात असताना हे वाचून डॉक्टरांची अन्नावरची वासना उडाली होती. तेव्हापासून त्यावर कुणाशीतरी पोटभर बोलायला ते आसुसलेले होते. पण दातांच्या डॉक्टराचं नशीबच असं की त्याच्यासमोर जो तो तोंड उघडतो, बोलत मात्र कुणीच नाही.

अशात प्रकाशकानं गाशा गुंडाळला आणि गोदामात उरलेला अख्खा गठ्ठा डॉक्टरांनी उचलून आणला. स्वतःची जुनी प्रत घरी कपाटात ठेवून त्यांनी या नव्या प्रती पेशंटना वाटायला सुरुवात केली. रूट कॅनॉलच्या पहिल्या खेपेला पुस्तक द्यायचं, दुसऱ्या खेपेला विचारायचं.

दुसऱ्या खेपेला कुणी येईनासंच झालं. अर्धवट कोरलेल्या दाढा घेऊन माणसं गावभर हिंडू लागली. एकदा बाजारात घड्याळजी दिसला. गाल टम्म सुजलेला.

"अहो, तो गाल..." म्हणत डॉक्टर कळवळून त्याच्याकडे धावले. घड्याळजीही धावला, पण उलट्या दिशेनं. "वाचतोय! शपथ, वाचतोय!" असं ओरडत तो भाजीच्या गाड्यांआड दिसेनासा झाला.

"लोक आता सुईला भीत नाहीत," दवाखान्याच्या खिडकीत बसून नंबर लावणारी बायको म्हणाली. "तुमच्या चंद्राला भितात. जरा आवरा."

"म्हणजे मी कुणाला चांगलं काही सांगायचंच नाही?"

"सांगा. पण नंतर विचारू नका."

"विचारलं नाही तर आवडली की नाही, कळणार कसं? बरं, तू तरी वाच की."

"मला नाही बाई भुताखेतांचं वाचवत."

"अगं, ती विज्ञानकादंबरी आहे!"

"तेच ते."

डॉक्टर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. त्या दिवशी एकही पेशंट आला नाही. दुसऱ्या दिवशी एक आला, तो पत्ता विचारायला.

शेवटी बायकोनंच मनावर घेतलं. तिनं घड्याळजीला फोन लावला. "या तुम्ही बिनधास्त. कादंबरीचं विचारलं की एवढंच म्हणा, शेवट अप्रतिम. पुढं ते काही विचारत नाहीत. गळा दाटून येतो त्यांचा."

मात्रा लागू पडली. घड्याळजी आला, मग विमा एजंट, मग चष्म्याच्या दुकानातल्या बाई. "शेवट अप्रतिम!" प्रत्येक जण म्हणाला. चष्मेवाल्या बाईंना शेवटानंतर रात्रभर झोप नव्हती. घड्याळजीच्या अंगात मुळातच नाटक होतं. तो म्हणाला, "शेवटी रडलो हो, डॉक्टर." डॉक्टरांनी गहिवरून त्याचे उरलेले दातही चकचकीत करून दिले.

इथं थांबलं असतं तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण आनंदाच्या भरात डॉक्टरांनी रविवारी सकाळी दवाखान्यातच वाचकांचा मेळावा ठेवला. बायकोनं मोडता घालून पाहिला.

"कशाला उगाच? सुट्टीच्या दिवशी लोकांना कामं असतात."

"अगं, एवढी माणसं रडलीत!"

ज्यांच्या दाढा अजून डॉक्टरांच्या हातात होत्या, त्यांची नाही म्हणायची छाती झाली नाही. सगळे आले. त्यांत नुकत्याच निवृत्त झालेल्या न्यायाधीशबाईही होत्या. त्यांना आधी पढवून ठेवायचं धाडस बायकोला झालं नव्हतं.

"थेट शेवटावरच बोलू," डॉक्टर हात चोळत म्हणाले. "यानाचं दार उघडतं, तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"भरून आलं," घड्याळजी म्हणाला.

"मलाही," एजंट म्हणाला.

"मला तर बाई अपेक्षाच नव्हती," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

"कशाची?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"त्या... शेवटाची."

"कुठल्या शेवटाची?" न्यायाधीशबाईंनी पुस्तक उघडलं. "यात शेवटचं वाक्य आहे, 'तिनं दार उघडलं आणि समोर'. संपलं. पुढं पुठ्ठा. मला वाटलं, माझीच प्रत तेवढी फाटकी. तुम्हा सगळ्यांना शेवट कुठं मिळाला?"

डॉक्टरांनी फळीवरची एक प्रत काढली. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या 'समोर'वर येऊन थांबत होत्या. बाइंडरनं अख्ख्या गठ्ठ्यात शेवटची पानं शिवलीच नव्हती.

"मी आपला... मनातल्या मनात रडलो होतो," घड्याळजी पुटपुटला आणि दाराकडे सरकला. त्याच्या मागोमाग बाकीचेही चपला शोधू लागले. बायको खिडकीआड इतकी खाली वाकली की नुसते केस दिसत होते.

डॉक्टर मटकन पेशंटच्याच खुर्चीत बसले. "एकानंही नाही," ते म्हणाले. "एकानंही नाही वाचली."

"मी वाचली," स्टूल ओढत न्यायाधीशबाई म्हणाल्या. "अर्धवट कागदांवर मी जन्मात निकाल दिला नाही. शेवट सांगा."

डॉक्टरांच्या कुडीत प्राण आला. "दार उघडतं आणि समोर... तीच असते! तरुणपणीची!"

"एवढंच? हे मला तळघरातच कळलं होतं. म्हटलं, इतका बाळबोध शेवट कुणी करणार नाही. बाइंडरनं लेखकावर उपकारच केलेत म्हणायचे."

भूल न देता कुणी अक्कलदाढ उपटावी, तसे डॉक्टर कळवळले. "मग काय व्हायला हवं होतं?"

"समोर कुणीच नाही. यान रिकामं. कारण ते तिलाच न्यायला आलंय. आता जाताना दिवा विझवायचा की तसाच ठेवायचा, एवढंच तिनं ठरवायचं."

डॉक्टरांना राग यायला हवा होता. तो येतही होता, पण वाटेतच कुठंतरी अडखळला. म्हातारी त्या दारात उभी आहे आणि मागं दिवा जळतोय, हे त्यांना लख्ख दिसू लागलं. ते आ वासून बघतच राहिले.

न्यायाधीशबाई चष्मा सावरत पुढे वाकल्या.

"मिटू नका तोंड. मागची दाढ पार किडलीय तुमची. दाखवत का नाही कुणाला?"

खिडकीआडून बायकोचं डोकं हळूच वर आलं.

"दाखवणार कुणाला? गावात दातांचे दुसरे डॉक्टर एकच आहेत," ती म्हणाली. "आणि ते कविता करतात."